गुळवेलाला दिलेलं आवतन

विहीणबाई, तुमची तेरवी आटोपून परवा आष्टीहून परतले. आर्वीला गाडी बदलताना गुडघ्यांनी असा असहकार पुकारला की शेवटी कंडक्टरने हाताला धरून वर घेतलं. वर्ध्याला सिंदी मेघेच्या घराचं कुलूप काढलं, आत आले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले, ती दिवे लागेपर्यंत तशीच. लेकीने, सुनीताने बांधून दिलेल्या पोळ्या पायाशी पिशवीत होत्या, त्या काढून खायचंही जिवावर आलं. मी फार थकले आहे. रडून थकले म्हणावं, तर तेवढी रडलेही नाही. लेकीच्या सासरी इतके दिवस राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि प्रत्येकीला तीच हकीकत सांगितली. हो, माझ्याच घरी गेल्या. पहाटे गेल्या. त्रास नाही झाला. सांगून सांगून ती हकीकत कुणा दुसऱ्याचीच वाटायला लागली.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. तुमचं एक काम माझ्याकडे अडकून पडलं आहे. घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर, कडूनिंबावर चढलेल्या त्या वेलाला जाऊन निरोप द्यायचा आहे. मागचं दार उघडलं की तो समोर दिसतो. म्हणूनच आल्यापासून मी ते दार उघडलेलं नाही.

तुमची-माझी पहिली भेट आठवते का? पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट असेल. सुनीताला पाहायला तुम्ही आष्टीहून आला होतात. मी तेव्हा वर्ध्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तिचे बाबा जाऊन काही वर्षं झाली होती, त्यामुळे मुलीची आई आणि बाप दोन्ही मीच. मुलीकडची म्हणून अंग चोरून बसले होते. बाकीची मंडळी सुनीताला स्वयंपाक, शिक्षण वगैरे विचारत होती, आणि तुम्ही मात्र माझ्याकडे टक लावून पाहत होतात. पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणालात, "इहीनबाई, रागाऊ नका, पन तुमचं पित्त लय खवळेल दिसते. जेवनाची काई वेळ हाय का नाई तुमाले?"

सोयरीक अजून ठरायची होती आणि मी तुमची इहीनबाईही झाले होते, पेशंटही झाले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. निघताना तुम्ही पदराच्या गाठीतून आवळ्याची सुपारी काढून माझ्या हातावर ठेवलीत. मी ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये फेकून दिली. पुढे एकदा दुपारच्या पाळीला छातीत जळजळ असह्य झाली तेव्हा निमूटपणे शोधून खाल्ली. बरं वाटलं होतं, विहीणबाई. हे तुम्हाला सांगायची सोय नव्हती, नाहीतर तुम्ही आष्टी ते वर्धा प्रत्येक स्टॉपवर उतरून सांगितलं असतं.

तुमच्या हातगुणाचं कौतुक मी कधी केलं नाही, आणि आता तुम्ही गेलात म्हणून एकदम आरत्या ओवाळणार नाही. तो बिब्बा मी विसरलेले नाही. पायात बाभळीचा काटा मोडला तेव्हा तुम्ही बिब्बा तापवून टाचेला चटका दिलात, आणि दुसऱ्या दिवशी माझं पाऊल पुरीसारखं फुगलं. बिब्बा उतला मला. पंधरवडाभर रबरी चप्पल घालून एक्स्चेंजच्या पायऱ्या चढत होते. तुम्ही एवढंच म्हणालात की तुमची कातडीच नाजूक, शहरातली. त्यानंतर तुम्ही पिशवीतून काहीही काढलं की मी आधी विचारायची, बिब्बा तर नाही ना. दहा-बारा वर्षं विचारत राहिले. तुम्ही दर वेळी ऐकू न आल्यासारखं करायचात.

ती पिशवी. खताच्या पोत्याचं कापड धुऊन शिवलेली. तुमच्या मुलाचं खतांचं दुकान म्हणून पोती भरपूर. ती दारात दिसली की घरात कुठला ऋतू आहे ते कळायचं. होळीच्या आसपास पळसाची फुलं, आपल्या नातीच्या, मिनूच्या अंघोळीच्या पाण्यात टाकायला, म्हणजे उन्हाळ्यात घामोळ्या येत नाहीत. पावसाळ्यात सुंठ आणि ओवा. हिवाळ्यात अडुळशाची पानं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. ते सगळं माझ्या ओट्यावर मांडायचं, माझेच डबे रिकामे करून त्यात भरायचं आणि जाताना बजावून जायचं की यातलं काही वाया घालवू नका. माझ्या डाळी कुठे गेल्या ते मला पुढे आठवडाभर सापडायचं नाही.

मिनू झाली तेव्हाचं आपलं भांडण तर सगळ्या गल्लीने ऐकलं. सुनीता पहिलटकरीण, माझ्याकडे बाळंतपणाला आलेली. तुम्ही जुन्या लुगड्यात गुंडाळून चक्क सहाण घेऊन आलात, एसटीत मांडीवर ठेवून. सोबत मुरडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, हिरडा, बाळगुटीचा सगळा सरंजाम. आणि इकडे डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं की सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. मी दारात आडवी उभी राहिले. तुम्ही म्हणालात, माझी सगळी लेकरं याच गुटीवर वाढली. मी म्हटलं, ही माझ्या घरात आहे. तुम्ही म्हणालात, नात कोणाची? मी म्हटलं, दोघींची, म्हणूनच. सुनीता आतून ओरडली की तुम्ही दोघी बाहेर जाऊन भांडा.

मग तुम्ही जे केलंत ते मला आजही आवडतं. दुसऱ्या दिवशी एकट्याच दवाखान्यात गेलात, नंबर लावून बसलात आणि डॉक्टरीणबाईंना स्वतः विचारून आलात. त्यांनी तुम्हालाही तेच सांगितलं. परत आल्यावर दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपलात, जेवायलाही उठला नाहीत. संध्याकाळी अचानक उठून पदर खोचलात आणि मला म्हणालात, "लेकराचं त्या बाईनं सांगतलं. बाळंतिनीचं काई नाई सांगतलं ना तिनं?"

झालं. सवा महिना माझं स्वयंपाकघर तुमचं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवण झालं की भाजलेला बाळंतशेपा आणि ओवा. संध्याकाळी ओव्याची धुरी अशी की शेजारच्या काकू विचारायला आल्या काही जळतंय का. सुनीता कुरकुरायची, पण तिच्या गालावर रंग चढला. सहाण तुम्ही पलंगाखाली सरकवून ठेवलीत. सहा महिन्यांनी येतो म्हणालात, आणि आलात.

जायच्या आदल्या दिवशी ओल्या फडक्यातून बोटाएवढा जाड गुळवेलाचा तुकडा काढलात आणि मागच्या प्लॉटवरच्या कडूनिंबाच्या बुडाशी खोचून आलात. मला विचारायची पद्धत तुमच्याकडे नव्हतीच. निंबावर चढलेला गुळवेल म्हणजे खरा गुळवेल, त्याच्यात निंबाचाही गुण उतरतो, असं सांगितलंत. मी म्हटलं, वेल वाढला की साप येतील. तुम्ही म्हणालात की सापाला तुमच्या घरात काय काम. पुढच्या पावसाळ्यात वेल फांद्यांपर्यंत पोचला आणि वरून सुतळीसारखी मुळं खाली सोडू लागला. मी त्याला कधी पाणी घातलं नाही. त्याला लागतही नव्हतं.

आणि मग ते चिकनगुनियाचं वर्ष. अर्धं वर्धा वाकून चालत होतं तेव्हा. मी निवृत्त झाले होते, घरात एकटी. ताप उतरला, पण सांधे सुटेनात. दाराची कडी काढता येईना, चहाचं भांडं उचलता येईना. सुनीताला फोनवर मी बरी आहे म्हणाले, पण माझ्या आवाजावरून तिने ओळखलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी पिशवी दारात. मुलाकडची विहीण मुलीच्या माहेरी येऊन शुश्रूषा करते, भांडी घासते, हे आमच्या गल्लीने कधी पाहिलेलं नव्हतं. मला तर इतकं अवघडल्यासारखं झालं की मी परत जा म्हणून सांगितलं. तुम्ही पिशवी खुंटीला लावलीत आणि विचारलंत, मीठ कुठल्या डब्यात आहे.

डॉक्टरच्या गोळ्या तुम्ही बंद केल्या नाहीत. उलट वेळेवर दिल्यात, माझ्यापेक्षा नेमाने. गोळ्या गोळ्यांचं काम करतील, वेल वेलाचं करेल, असं म्हणायचात. डॉक्टरांना गुळवेलाचं विचारून घेतलं होतं मी, आणि तुम्ही त्यालाही नाक मुरडलं नाहीत. त्याच संध्याकाळी मी पहिल्यांदा तुम्हाला आवतन देताना पाहिलं.

मला वाटलं होतं, औषध म्हणजे गेलं आणि तोडून आणलं. तुम्ही उन्हं उतरल्यावर हातपाय धुतलेत, ताटलीत हळद-कुंकू आणि चार तांदूळ घेतलेत, तांब्याभर पाणी घेतलंत आणि मागच्या दाराने निघालात. मी खिडकीतून पाहत होते. वेलाच्या बुडाशी पाणी घातलंत, हळद-कुंकू वाहिलंत, आणि लग्नाचं बोलावणं करावं तसं माझं नाव घेऊन, सगळं नाव, बापाच्या नावासकट, वेलाला सांगितलंत की या बाईचे सांधे धरले आहेत, सकाळी न्यायला येतो, तयार राहा. परत आल्यावर मी हसले. मला हसताना खांदेही दुखत होते, तरी हसले.

तुम्ही रागावला नाहीत. बाजेवर बसून समजावलंत, अगदी शाळेतल्या बाईंसारखं. न बोलावता तोडलेलं औषध म्हणजे चोरीचा माल. आदल्या संध्याकाळी आवतन द्यायचं, नाव आणि दुखणं सांगायचं. सकाळी अंघोळ करून जायचं, आणि जाताना वाटेत कोणाशी एक शब्द बोलायचा नाही, कारण आपण दिलेला शब्द तोंडात धरून चाललेलो असतो. आणि एक मोठी अट. स्वतःसाठी आवतन देता येत नाही. स्वतःच्या दुखण्यासाठी स्वतः बोलावलं तर वेल येत नाही. दुसऱ्या कोणीतरी आपलं नाव घ्यावं लागतं.

मी म्हटलं, "मंग एकट्या मानसानं काय कराव?"

तुम्ही म्हणालात, "एकटं राहू नाई."

तुमच्या त्या न बोलण्यामुळे काय गोंधळ झाला होता. सकाळी तुम्ही मौन धरून निघालात, तेवढ्यात दूधवाला समोर. त्याने माझी तब्येत विचारली. तुम्ही त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलंत. शेजारच्या काकूंनी हाक मारली, त्यांनाही तेच. तासाभरात गल्लीत बातमी, की दोघी विहिणींचं वाजलं आणि आष्टीवाली रुसून निघाली. काकू समजूत काढायला आल्या तेव्हा तुम्ही ओट्यावर गुळवेल ठेचत होतात. इतका कडू काढा मी जन्मात प्यायले नव्हते. वर तुम्ही गुळाचा खडाही देत नव्हतात.

काही दिवसांनी एका सकाळी मला जाग आली आणि हाताची मूठ आपोआप मिटली. मी तुम्हाला मिटून दाखवली. म्हटलं, आज काढा नको, आज मला मोकळं वाटतंय. तुम्ही ठीक म्हणालात, आणि तरीही अंघोळ करून मागच्या दाराकडे निघालात. मी विचारलं, आता काऊन? नाही लागत म्हटलं ना.

"नाई लागत थे त्याले कोन सांगन?" तुम्ही म्हणालात. "काल बलावलं ना आपन त्याले? तो वाट पाहून राह्यला असन. ताटकळत नाई ठेवाव कोनाले."

आणि तुम्ही जाऊन सांगून आलात. वेलाला हात लावलात, दोन शब्द बोललात, रिकाम्या हाताने परत आलात. जन्मभर टेलिफोनच्या बोर्डावर बसलेली बाई मी. एखाद्याला लाइनवर धरून ठेवलं आणि पुढे जोडायचंच राहून गेलं, तर तो बिचारा कसा हॅलो हॅलो करत बसतो, ते मी कानांनी ऐकलेलं आहे.

आपला खरा वाद त्यानंतर सुरू झाला, आणि तो मिटलाच नाही. मी बरी कशाने झाले? तुम्ही म्हणायचात, गुळवेलाने. डॉक्टर म्हणाले होते, हे दुखणं हळूहळू आपोआप ओसरतं. माझं तिसरंच म्हणणं होतं. माझं म्हणणं असं, की कोणीतरी आपल्यासाठी संध्याकाळी हातपाय धुऊन निघतं, आपलं पूर्ण नाव घेतं, सकाळी तोंड मिटून चालतं, याचाच माणसाला गुण येतो. वेल निमित्त. तुम्हाला हे अजिबात पटायचं नाही. तुमच्या वेलाचा अपमान वाटायचा तो. म्हणायचात, मग वेल कशाला, मी नुसतीच आले असते. मी म्हणायची, तेच म्हणते आहे मी. आणि तुम्ही चिडून पिशवी भरायला लागायचात. फोनवरही हाच वाद. एसटीडीचं बिल तुमच्या मुलाला पडायचं, म्हणून मी आनंदाने वाढवायची.

मला बरं केलं ते तुम्ही, हे सरळ वाक्य मात्र मी कधी बोलले नाही. वादात बोलले, चिडवत बोलले. नीट समोर बसून नाही.

यंदाच्या संक्रांतीनंतर तुम्हाला धाप लागायला लागली. पाय सुजले. आष्टीहून रोज वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात येणं-जाणं शक्य नव्हतं, म्हणून सुनीता तुम्हाला माझ्याकडे घेऊन आली आणि स्वतःही राहिली. तुम्ही दारात उभ्या, आणि पहिल्यांदाच हातात पिशवी नाही. डॉक्टरांनी हृदय मोठं झाल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या, पाणी मोजून प्यायला सांगितलं. तुम्ही सगळं ऐकलंत. तुम्ही इतकं मुकाट्याने ऐकता हेच मला सोसवत नव्हतं. एकदा मुद्दाम म्हटलंसुद्धा, बिब्बा लावून पाहायचा का. तुम्ही हसलात आणि खोकत राहिलात.

त्या दिवशी चार वाजता मी तुम्हाला चहा द्यायला आले. तुमच्या आवडीची सुंठ घातली होती, मला सुंठेचा चहा आवडत नसतानाही. तुम्ही कप तसाच ठेवलात आणि म्हणालात, "इहीनबाई, माह्यासाठी आवतन देता का?"

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देणार नाही. हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, भलतंसलतं नको.

"पेनार नाई मी," तुम्ही म्हणालात. "डॉक्टर नाई म्हनला तं राहू द्या. पन आवतन तं देता येते ना? साऱ्या जन्मात मी कितीक जनाइचे नाव घेतले त्या येलापाशी. माह्यं नाव कोनीच नाई घेतलं."

मी कप उचलून आत गेले, कारण मला तुमच्यासमोर उभं राहता येईना. खरं तर त्याच क्षणी आपला वाद मी जिंकले होते, विहीणबाई. प्यायचा नसलेला वेल तुम्हाला हवा होता. पण जिंकल्याचं कसलंच बरं वाटलं नाही.

उन्हं उतरल्यावर हातपाय धुतले. ताटलीत हळद-कुंकू घेतलं, तांदूळ घेतले, तांब्या भरला. वेलाची पानं गळाली होती, नुसती खरखरीत दोरी झाडाला विळखा घालून होती. पाणी घातलं आणि तोंड उघडलं, तर माझी जीभच अडखळली. इतक्या वर्षांत मी तुमचं नाव कधी उच्चारलंच नव्हतं. लग्नपत्रिकेत वाचलं होतं, दवाखान्याच्या कार्डावर पाहिलं होतं. तोंडाने कायम विहीणबाई. मी इकडे-तिकडे पाहिलं आणि लहान मुलीसारखं हळूच म्हटलं, कौसल्या. मग वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, आष्टी गाव. छाती भरून येते त्यांची. सकाळी येते न्यायला.

परत आले तर तुम्ही दाराकडेच पाहत होतात. विचारलंत, दिलं? दिलं म्हटलं. पूर्ण नाव घेतलं? घेतलं. तुम्ही मान हलवलीत आणि बऱ्याच दिवसांनी उशीवर डोकं नीट टेकवलंत.

सकाळी उजाडायच्या आधी उठले, अंघोळ केली. तोंड मिटून तुमच्या बाजेजवळून निघाले. तुम्ही जाग्या होतात. तुमचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, पण डोळे दिसत होते. मी थांबले. काहीतरी बोलावं असं फार वाटलं, एखादा शब्द तरी. पण नियम तुमचाच. मी ओठांवर बोट ठेवलं. तुम्हीही तुमच्या ओठांवर बोट ठेवलंत, आणि हाताने खूण केलीत, जा म्हणून. तुम्हाला किती बरं वाटत होतं ते मला त्या खुणेत दिसलं. मागचं दार उघडून मी दोन पायऱ्या उतरले असेन, आणि सुनीताने आतून हाक मारली.

मी वेलापर्यंत पोचलेच नाही. त्यानंतर तुमच्या मुलाला फोन, गाडी, आष्टी, माणसं, तेरवी. इकडे वेल तसाच, तुमचं नाव ऐकून बसलेला.

इथवर काल लिहून ठेवलं होतं. आज सकाळी उठले तेव्हा गुडघे तसेच होते, पण अंघोळ करून मागचं दार उघडलं. पायऱ्या भिंतीला धरून उतरले. दूधवाला गल्लीच्या तोंडाशी होता, त्याने विचारलं, काकू, कधी आलात आष्टीहून? मी उत्तर दिलं नाही. आता आज संध्याकाळपर्यंत गल्लीत काय बातमी होईल ते तुम्हाला ठाऊक आहे.

वेलाला कोंब फुटले आहेत, विहीणबाई. दोन ठिकाणी, कोवळे, तांबूस. मी पाणी घातलं. त्याच्या खरखरीत सालीवर हात ठेवला. एकदा बोललं की ते खरं होणार होतं. तुमच्या घरी जमलेल्या इतक्या बायकांना सांगून जे खरं झालं नव्हतं, ते इथे होणार होतं. शेवटी म्हटलं, कौसल्याबाईंसाठी तुला बोलावलं होतं. त्या गेल्या. तू आता वाट पाहू नको. या वेळी नाव घेताना जीभ अडखळली नाही. मग मात्र मला रडू आलं, निंबाला टेकून, पदर तोंडात धरून, मनसोक्त.

रडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की निरोप दिला, म्हणजे मौन सुटलं. त्या सकाळी तुमच्या बाजेपाशी गिळलेला शब्द आता बोलायला हरकत नव्हती. फार मोठं काही नव्हतं ते. मी बरी झाले ती तुमच्यामुळे, हेसुद्धा त्या वेळी सुचलं नसतं. घरातून पाच मिनिटांसाठी बाहेर पडताना कोणीही आपल्या माणसाला म्हणतं, तेवढंच मला म्हणायचं होतं. घराकडे तोंड करून मी ते मोठ्याने म्हटलं.

"आलेच हं, विहीणबाई."